जुना डेस्कटॉप म्युझिकसाठी अपग्रेड करू की सरळ नवीन घेऊ?

रात्रपाळी:
नमस्कार मंडळी, सल्ला हवाय. माझा डेस्कटॉप आय७-४७९० वाला आहे, १६ जीबी डीडीआर३ रॅम, विंडोज १० छोट्या एसएसडीवर आणि सॅम्पल लायब्ररी (वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संग्रह) सगळ्या १ टीबीच्या जुन्या हार्ड डिस्कवर. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर वापरतो, माइक-हेडफोन जोडायला यूएसबी ऑडिओ इंटरफेस आहे, सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ. इतकी वर्षं मशीनने निभावलं पण आता प्रोजेक्ट जरा मोठं झालं, म्हणजे स्ट्रिंग्जच्या दोनतीन लायब्ररी, ड्रम्स, वर व्होकल, की कडकड सुरू होते आणि कधीकधी प्लेबॅक मध्येच अडखळतो. टास्क मॅनेजर बघावा तर सीपीयू ४० टक्क्यांच्या वर जातच नाही, मग अडतंय कुठे? बफर (आवाजाचे किती सॅम्पल, म्हणजे बारीक तुकडे, एका वेळी हाताळायचे तो आकडा) १२८ च्या वर नेता येत नाही कारण गाताना हेडफोनमध्ये आवाज उशिरा आला की सूर हलतो. त्यात विंडोज १० चा सपोर्टही संपलाय. कोणी म्हणतं रॅम ३२ कर, कोणी म्हणतं ग्राफिक्स कार्ड टाक, कोणी म्हणतं सगळंच बदल. उगाच भलतीकडे पैसे घालायचे नाहीयेत.

मॉनिटर_फ्लॅट:
ग्राफिक्स कार्डाचा विचार आधी डोक्यातून काढा, बहुतेक ऑडिओ प्लगइनना (रीपरमध्ये जोडायची इफेक्ट आणि वाद्यांची छोटी सॉफ्टवेअर) त्याचा काही उपयोग नाही.

आता ते ४० टक्के. तो आकडा आठही थ्रेडची (प्रोसेसर एकाच वेळी चालवतो त्या कामांच्या रांगा) सरासरी असते. तुमच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो साडेबाराच टक्के दिसतो. आणि एका ट्रॅकवरची प्लगइनची साखळी एकामागून एकच चालते, ईक्यूचं काम झाल्याशिवाय कॉम्प्रेसरला काही मिळत नाही, त्यामुळे ती सहसा एकाच कोअरवर पडते, मास्टर ट्रॅकचंही तेच. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पल म्हणजे साधारण २.७ मिलिसेकंद, तेवढ्यात सगळा हिशोब व्हायलाच पाहिजे, एकदा चुकला की कडकड. रीपरमध्ये व्ह्यू मेनूतून परफॉर्मन्स मीटर उघडा आणि आरटी सीपीयूचा (ठरलेल्या वेळेत संपवायच्या ऑडिओ कामाचा भार) आकडा बघा, खरी गोष्ट तिथे कळेल.

एक टेस्ट करा. तोच प्रोजेक्ट, बफर १०२४. कडकड गेली तर अडचण प्रोसेसरची किंवा एखाद्या ड्रायव्हरची. तरीही स्ट्रिंग्ज दाटून येतात तिथेच अडखळत असेल तर बहुतेक डिस्क.

आणि गाण्यासाठी १२८ ला चिकटून का बसायचं? इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर ते चालू करा, रीपरमधलं त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करा, म्हणजे स्वतःचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता थेट हेडफोनमध्ये येईल आणि बफर ५१२ ठेवला तरी चालेल. रीव्हर्ब मिळणार नाही एवढंच, पण गायला सूर पक्का ऐकू येणं जास्त महत्त्वाचं.

लूपवेडा:
मला तर हार्ड डिस्कच दोषी वाटतेय. काँटॅक्टसारखा सॅम्पलर (सॅम्पल लायब्ररी वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक सुराची फक्त सुरुवात रॅममध्ये ठेवतो, पुढचं सगळं वाजता वाजता डिस्कवरून ओढतो. स्ट्रिंग्जचा एक कॉर्ड, त्यात दोनतीन माइक पोझिशन (तोच सूर वेगवेगळ्या जागच्या माइकने घेतलेला), म्हणजे एकाच वेळी पन्नास ठिकाणची फाइल वाचायची, फिरत्या तबकडीच्या डिस्कचं डोकं किती धावणार बिचारं. साधी साटा एसएसडी टाका. ५५० एमबी प्रति सेकंदाचा वेग भरपूर झाला, शिवाय डोकं हलवायची भानगडच नाही. मग सॅम्पलरमधला प्रीलोड बफर (रॅममध्ये ठेवायची ती सुरुवात) कमी करा, रॅमही मोकळी होईल.

मुख्य म्हणजे ही एसएसडी उद्या नवीन मशीनमध्ये जशीच्या तशी लागेल. डीडीआर३ रॅम मात्र नवीन बोर्डात बसणारच नाही, म्हणून तिच्यावर खर्च नको.

सायलेंट_फॅन:
वरच्या दोघांशी सहमत, पण काही खरेदी करायच्या आधी लेटन्सीमॉन चालवून बघा, कुठल्या ड्रायव्हरमुळे आवाज अडतोय ते दाखवणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर मध्येच प्रोसेसर अडवून धरतो आणि मग मशीन कितीही तगडं असलं तरी कडकड येते. रेकॉर्डिंगच्या वेळी वायफाय बंद, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर. आणि कॅबिनेट उघडून धूळ काढा, प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट एव्हाना वाळून पापुद्रा झाली असेल, ती पुसून नवीन लावा. तापला की क्लॉक खाली येतो आणि तेही टास्क मॅनेजरच्या टक्क्यांवरून पटकन लक्षात येत नाही.

बाउन्स_टू_डिस्क:
विंडोजचं कोणी बोललंच नाही म्हणून लिहितो. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि ११ ला अधिकृतपणे इंटेलची आठवी पिढी लागते, तुमची चौथी आहे. जुगाड करून ११ टाकतात लोक, पण जिथे आपलं काम अडकलंय त्या मशीनवर मी तरी ते करणार नाही. म्हणजे आज ना उद्या मशीन बदलायचंच आहे, घाई करू नका इतकंच.

घ्याल तेव्हा कोअर किती यापेक्षा एका कोअरचा वेग आधी बघा, ३२ जीबी रॅम, बोर्डावर दोन एम.२ स्लॉट (एसएसडी थेट बसवायच्या जागा), आणि ग्राफिक्स आतच असलेला प्रोसेसर म्हणजे वेगळं कार्ड नको आणि त्याच्या पंख्याचा आवाजही नको. पैसे उरले तर चांगल्या शांत कूलरवर घाला, माइक त्याच खोलीत असतो! इंटरफेसचा विंडोज ११ साठी ड्रायव्हर आहे का ते कंपनीच्या साइटवर आधीच तपासा. जुनं मशीन बंद करण्याआधी प्लगइनची ऑथरायझेशन (त्या मशीनवरची लायसन्सची नोंद) काढून घ्या, नाहीतर एकेका कंपनीला मेल करत बसावं लागतं आणि तोवर काम ठप्प.

रात्रपाळी:
सगळ्यांचे मनापासून आभार, आज बसून सगळं करून पाहिलं. वायफाय चालू असताना लेटन्सीमॉन लाल, बंद केल्यावर हिरवा, आणि बारीक कडकड जवळपास गेलीच. बफर १०२४ ला नेला तरी स्ट्रिंग्जच्या मोठ्या भागात अडखळतंच, तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये ती हार्ड डिस्क १०० टक्के दाखवते. डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू केलंय, गायला खरंच सोपं गेलं. आत्ता फक्त २ टीबीची एसएसडी घेतो, हातातली गाणी संपली की नवीन मशीन. एकच शंका, लायब्ररी नवीन डिस्कवर नेल्या तर जुने प्रोजेक्ट सॅम्पल हरवल्याचं सांगतील का?

लूपवेडा:
फोल्डरची नावं आणि रचना अजिबात न बदलता सगळं कॉपी करा, मग जुन्या डिस्कचं ड्राइव्ह लेटर बदलून तेच लेटर एसएसडीला द्या. आधी डी होतं तर आताही डीच. प्रोजेक्टला फरक कळणारही नाही. दोनचार मोठे प्रोजेक्ट उघडून, वाजवून खात्री करा आणि तोवर जुन्या डिस्कवरचं काही पुसू नका, पुढे तीच बॅकअपला वापरता येईल.