लिटल चॅम्प्सचा निकाल आणि आमच्या गावची मते

‘सारेगमप लिटल चॅम्प्स’ या लहान मुलांच्या टीव्हीवरील गाण्याच्या स्पर्धेच्या २००८-०९ च्या पर्वात कार्तिकी गायकवाड जिंकली, तो निकाल केवळ एसेमेसमुळे लागला आणि सुरांची जाण त्यात हरली, असे आपण म्हणता. अंतिम फेरीचा कौल प्रेक्षकांच्या मतांवर होता, हे खरे. दुसरे म्हणणे मात्र मला पटत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात तेव्हा भारनियमनामुळे संध्याकाळच्या विजेचा भरवसा नसे, म्हणून ज्या घरी इन्व्हर्टर होता तिथे अर्धा मोहल्ला जमायचा आणि वेचून आणलेल्या कापसाच्या ढिगाला टेकून आम्ही मुले बसायचो. वडील भजनी मंडळात खंजिरी वाजवत. कार्तिकी गायकवाड अभंग किंवा गवळण गाऊ लागली की त्यांची बोटे गुडघ्यावर ठेका धरत आणि ती नेमकी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की ते वळून आमच्याकडे बघत. परीक्षक गुण म्हणून ‘ध’ देतात की ‘नी’, याची त्यांना वाट पाहावी लागत नसे. अंतिम फेरीतल्याच आर्या आंबेकरचा गळा अधिक तयार आहे, हे त्यांनाही मान्य होते (मला स्वतःला तीच जास्त आवडे). पण भजनात मुरलेल्या कानाला खड्या आवाजाची ओढ असते आणि ती ओढ म्हणजे सुरांचे अज्ञान नव्हे.

शिवाय पुणे, आळंदी, अलिबाग, रत्नागिरी आणि लातूर या भागांतल्या अंतिम फेरीतल्या त्या पाच मुलांत विदर्भात राहणारे कोणीच नव्हते, त्यामुळे आमच्याकडची मते तरी निव्वळ गाणे ऐकूनच गेली होती.