बेसबॉलचे जुने तिकोनी झेंडे (पेनंट) – किंमत कशी काढायची? अर्जंट

सातारी_मिसळ:
न्यू जर्सीत घर घेतलं, बेसमेंट आवरताना आधीच्या मालकांच्या ट्रंकेत फेल्टचे (दाबून बनवलेल्या कापडाचे) तिकोनी झेंडे निघाले. शेजारचे आजोबा सगळ्यांचे मिळून २०० डॉलर देतो म्हणतायत, शनिवारी येणारेत. देऊन टाकू का? प्लीज लवकर सांगा, मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही.

बोका_७७:
किती आहेत? कुठल्या टीमचे? फोटो?

फिलीवाले_अण्णा:
साहेब, अजिबात देऊ नका. शेजारी स्वतःहून पैसे काढतोय म्हणजे त्याला काहीतरी दिसलंय. इबेवर बघा, पण लोक मागतात ते आकडे नाही, 'सोल्ड' फिल्टर लावून खरोखर विकलं गेलं ते बघायचं. मागायला काय, कोणी पाच हजारही मागतो.

सातारी_मिसळ:
साहेब नाही, बाई आहे मी :) फोटो अपलोड होत नाहीये. सहा आहेत. मेट्सचे चार, एक न्यूयॉर्क जायंट्स, एक ब्रुकलिन डॉजर्स.

बोका_७७:
अहो ब्रुकलिन डॉजर्स हे शेवटी काय सांगताय! ती टीम १९५७ च्या सीझननंतर लॉस एंजेलिसला गेली, ब्रुकलिनचा म्हणून एकच वर्ल्ड सिरीज (वर्षअखेरची अजिंक्यपदाची मालिका) विजय, १९५५ चा. म्हणूनच त्याच्या नकलाही ढिगाने निघाल्यात. मेट्स ही न्यूयॉर्कचीच टीम, ती आली १९६२ ला. त्या चारांवर बॅट धरलेल्या माणसाचा निळा-पांढरा-लाल एमएलबी (मेजर लीग बेसबॉल) लोगो असेल तर ते १९६९ किंवा नंतरचे, कारण लोगोच त्या वर्षी आला.

निशिगंधा_के:
पेनंटचा अर्थ लीग जिंकणं असाही होतो. नॅशनल लीग (दोन मोठ्या लीगपैकी एक) जिंकली की पेनंट जिंकला म्हणतात, मग वर्ल्ड सिरीज.

बोका_७७:
ताई, हे कोणी विचारलंय? मिसळताई, जायंट्सच्या झेंड्यावर चित्र कसलं आहे?

सातारी_मिसळ:
हेल्मेट घातलेला माणूस, हातात नारळासारखा लांबट बॉल.

फिलीवाले_अण्णा:
हाहाहा तो फुटबॉलवाला जायंट्स! त्याच नावाची बेसबॉल टीमही न्यूयॉर्कात होती, ती १९५८ पासून सॅन फ्रान्सिस्कोची. भलेभले फसतात यात. अवांतर, आमच्या फिलाडेल्फियाच्या फिलीज टीमची १९६४ ची गोष्ट माहितीये का, बारा मॅच उरल्या होत्या, साडेसहा गेमची लीड, आणि सलग दहा हरले! वर्ल्ड सिरीजची तिकिटं छापून तयार, ती आता कलेक्टर लोक शोधत फिरतात, म्हणजे हरल्याचंही मोल असतं बघा

बोका_७७:
अण्णा, तुमचं दुःख कळतं पण बाईंचा शनिवार जवळ आलाय. डॉजर्सचा मापून सांगा. फुल साइज २९-३० इंच असतो. फेल्ट जाड लोकरीचं आहे का पातळ? टाचणीची भोकं? कसर लागलीये? टोक झिजलंय? झिरमिळ्या आहेत का सगळ्या?

सातारी_मिसळ:
साडेसत्तावीस इंच. जाड आहे. निळ्यावर पांढरी अक्षरं, म्हणजे आता आकाशीच दिसतायत. रुंद बाजूला पिवळट पट्टी शिवलीये, झिरमिळ्यांपैकी एक तुटलीये. टोकाला दोन भोकं.

फिलीवाले_अण्णा:
साडेसत्तावीस? नक्कल. विषय संपला.

बोका_७७:
मापावरून कसं ठरवता तुम्ही? काळोखात यूव्ही (अतिनील) टॉर्च मारा, नवीन दोरा असेल तर निळसर चमकतो.

सातारी_मिसळ:
नवऱ्याने मांजराचे डाग शोधायला घेतलेला टॉर्च आहे. मारला. डॉजर्सचा पट्टीसकट लख्ख चमकतोय, जायंट्सचा अजिबात नाही :(

फिलीवाले_अण्णा:
सांगितलं होतं ना. २०० घ्या आणि मोकळ्या व्हा.

बोका_७७:
थांबा. पट्टीसकट म्हणजे नुसता दोरा नाही? फेल्टही चमकतंय? आणि पांढरी अक्षरं 'आता' आकाशी म्हणजे काय? धुतलात का?

सातारी_मिसळ:
मी नाही हो. सासूबाई आल्यात साताऱ्याहून, ट्रंकेचा कुबट वास येत होता म्हणून वरचा एक त्यांनी साबणाच्या पावडरीत रात्रभर भिजवला आणि सकाळी चोळून पिळून बाल्कनीत वाळत घातला, मी उठेपर्यंत बादली अख्खी निळी. हे महत्त्वाचं आहे का?

बोका_७७:
_/\_ अहो सगळं तिथेच आहे. पावडरीत कपडे पांढरे दिसावेत म्हणून जे घालतात तेच यूव्हीखाली चमकतं. म्हणजे टॉर्चची टेस्ट बाद. आणि लोकरीचं फेल्ट पाण्यात चोळलं की आटतं, म्हणजे मापही बाद. अस्सल असू शकतो. पण रंग फुटलाय, त्यामुळे किंमत मात्र बरीच खाली आली.

फिलीवाले_अण्णा:
असू शकतो म्हणजे नसूही शकतो.

बोका_७७:
म्हणूनच हातात घेऊन बघणारा जुन्या स्पोर्ट्स वस्तूंचा जाणकार गाठा. तोवर बाकीच्यांना पाणी लावू नका. कसरीची शंका असेल तर पिशवीत हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा काही दिवस.

निशिगंधा_के:
डांबराच्या गोळ्या ठेवा ना.

बोका_७७:
तो वास मग जन्मात जात नाही.

डॉलर_काका:
विकल्यावर टॅक्सचं बघा. संग्राह्य वस्तू वर्षाहून जास्त ठेवून विकली तर फेडरल दर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

सातारी_मिसळ:
काका, आधी २०० तर येऊ देत! बरं, आजोबांना मेट्सचे देते, लोगो चारही झेंड्यांवर आहे. डॉजर्स आणि जायंट्स राहू देते. आणि सासूबाई विचारतायत, चुरगळलाय तर ओलं फडकं ठेवून इस्त्री फिरवू का.

बोका_७७:
नको!!!!

फिलीवाले_अण्णा:
नको. (बोक्याशी पहिल्यांदाच सहमत.)