मदत हवी आहे : काळ्या मातीवर मुरूम किती ब्रास धरू?

गेटपासून घरापर्यंत १२० फूट लांब, १० फूट रुंद रस्ता. खाली काळी माती. फूटभर उकरून काढलीय, कडेला चरही मारलाय. दाबून ९ इंच मुरूम म्हणजे ९०० घनफूट, ९ ब्रास. वर ४० मिमी खडी ४ इंच, ४ ब्रास. पण गाडीत माल सैल येतो, म्हणून तीस टक्के वाढवून मुरूम १२ आणि खडी सव्वापाच ब्रास धरलीय.

आधी नुसता ६ इंच मुरूम टाकला होता. पहिल्याच पावसाळ्यात चाकोरीतून चिखल वर आला. आता दोन थर, पाणी मारून रोलर. काँक्रीट नको. जड वाहन म्हणाल तर भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली, एवढंच.

मातीत रुतणाऱ्या मालासाठी आणखी किती धरावा, की खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं तर १२ ब्रासमध्येच भागेल?