मदत हवी आहे : ‘प्रिपेअर्ड पियानो’साठी पुण्यात ग्रँड पियानो (आडव्या तारांचा मोठा पियानो) कोण देईल?

नमस्कार मंडळी. जानेवारीत पुण्यात आमचा समकालीन पाश्चात्त्य संगीताचा छोटा महोत्सव आहे. आमच्या पाहुण्या पियानोवादक त्यात अमेरिकन संगीतकार जॉन केजचं ‘सोनाटाज अँड इंटरल्यूड्स’ (१९४६–४८) वाजवणार आहेत. या रचनेसाठी पियानोच्या ४५ स्वरांच्या तारांमध्ये स्क्रू, बोल्ट, रबर, प्लास्टिक अडकवतात; यालाच ‘प्रिपेअर्ड पियानो’ म्हणतात. कुठली वस्तू डॅम्परपासून (तारेचा नाद थांबवणाऱ्या गादीपासून) किती अंतरावर, याचा तक्ता केजनेच दिलाय. नवरसांच्या कल्पनेतून सुचलेली ही रचना इथे प्रत्यक्ष ऐकवायचीच, असं मनापासून वाटतं.

अडचण पियानोची. भाड्याने देणारे ‘तारांना हात लावायचा नाही’ म्हणतात. ट्यूनरची सोय झाली आहे, तो कार्यक्रमानंतर पुन्हा सूर लावून देईल. अनामत आणि लेखी हमीचीही तयारी आहे, पण कुणी बधत नाही. अपराइट (उभा पियानो) चालणार नाही: ग्रँडच्या डाव्या पेडलने हातोड्या बाजूला सरकतात, अपराइटमध्ये नुसत्या तारांजवळ येतात, त्यामुळे या रचनेला हवा तो परिणाम मिळत नाही. डिजिटलचा तर प्रश्नच नाही. सभागृह तळमजल्यावर आहे, त्यामुळे वाहतूक सोपी. आदल्या दिवशी सकाळपासून पियानो हवा.

पुणे-मुंबईत अशा वापरासाठी ग्रँड देणारं कुणी माहीत आहे का? आणि ज्यांनी असा करार केलाय, त्यांनी नुकसानभरपाईचं कलम नेमकं कसं लिहिलं होतं?