शब्दचर्चा: ‘समुपदेशन’, ‘करुणा’ आणि ‘ऐकून घेणे’

कुडाळहून प्रश्न

आमच्याकडे एक समुपदेशक ताई महिन्यातले काही शनिवार बसणार आहेत. त्यांच्या माहितीपत्रकाचा मराठी मजकूर करायचं काम माझ्याकडे आलंय. त्यांचं म्हणणं असं की समोरच्या माणसाकडे त्या करुणेनं पाहतात, आणि दोघांमध्ये जे नातं जुळतं त्याच्याच आधारानं उपचार पुढे सरकतो. मी लिहिलं, ‘करुणामय व नातेसंबंधकेंद्रित समुपदेशन’. शेजारच्या काकींनी वाचलं आणि विचारलं, “म्हणजे घोव-बायलेची भांडणा सोडवतत काय?” या तिन्ही शब्दांना पर्याय हवेत. वाचणारे लोक बागायतदार, मासेमारी करणारी कुटुंबं, कॉलेजची मुलं, मुंबईहून परतलेले निवृत्त असे सगळे आहेत.

रत्नागिरी

काकींचा प्रश्न रास्त आहे. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यात समुपदेशकांची तरतूद आहे, त्यामुळे ‘समुपदेशन’ म्हटलं की अनेकांना घटस्फोटाच्या आधीची बैठकच आठवते. सरकारी रुग्णालयात हा शब्द ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ या एचआयव्हीच्या पाटीवर दिसतो, तर दहावी-बारावीच्या मुलांना ते ‘करिअरचं’ असतं असं वाटतं. तीन ठिकाणी तीन अर्थ, आणि मनाला बरं नसताना कुणाशी तरी बोलावं हा अर्थ त्यांत मागेच राहिलेला.

शब्दाच्या पोटातही अडचण आहे. ‘उपदेश’ त्यात सरळ बसलेला दिसतो. दिश् म्हणजे दाखवणं. जाणता दाखवतो, अजाण बघतो. ‘सम्’ लावल्यानं तो डोस सौम्य होतो असं मला तरी वाटत नाही. तरी शब्द रुळलेला आहे, कायद्यात आणि शासकीय कागदांत आहे, तो टाकू नका. पाटीवर तोच ठेवा, खाली साध्या मराठीत काय ते सांगा.

‘काउन्सेलर’ मात्र नको. आमच्याकडे जुनी माणसं नगरपरिषदेच्या सभासदाला अजून कौन्सिलर म्हणतात.

मालवण

‘करुणामय’ वाचलं की डोळ्यांसमोर देवाची मूर्ती येते. या विशेषणात एक उंची आहे: करुणा करणारा वर, जिच्यावर करायची ती व्यक्ती खाली. ‘दया’ तर त्याहून वाईट, कारण ‘दया आली’ यात समोरच्याचं लाचारपण गृहीतच धरलेलं असतं. ‘अनुकंपा’ हा मुळात फार सुंदर शब्द. दुसऱ्याच्या मागोमाग आपणही कंप पावणं. पण ‘अनुकंपा तत्त्वावर नोकरी’ने तो कार्यालयात नेऊन बसवला, आता परत आणणं कठीण.

‘सहानुभूती’ अर्थानं चांगली असली तरी शोकसभेची आणि निवडणुकीतल्या लाटेची झाली. मानसशास्त्राच्या मराठी लिखाणात ‘समानुभूती’, ‘तदनुभूती’ वापरतात. वर्गात ठीक, पत्रकात वाचणारा तिथंच थांबेल.

माझं मत ‘कळवळा’ आणि ‘माया’ यांच्या बाजूनं. त्यातही ‘कळवळा’. त्यात कळ आहे, म्हणजे दुखणं पाहणाऱ्यालाही थोडं दुखतं. ‘माया’ आपल्या माणसांवर करतात. परक्या ताईंनी पहिल्याच दिवशी ती करावी अशी अपेक्षा कुणाची नसते.

देवगड

मी याच कामात आहे, म्हणून थोडं लांबलं तरी लिहिते.

हा जो दृष्टिकोन तुमच्या ताई सांगतात त्याचा मोठा आधार कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या मांडणीत आहे. १९४० च्या दशकातच त्यांनी ‘रुग्ण’ हा शब्द बाजूला ठेवला, कारण त्या शब्दासोबत ‘डॉक्टरांना सगळं कळतं’ हेही येतं. १९५७ च्या लेखात त्यांनी माणसात बदल घडायला लागणाऱ्या अटी मांडल्या. त्यांतल्या उपचारकाकडून अपेक्षित अशा तीन गोष्टी आपण नेहमी सांगतो: समोरच्याच्या जागी जाऊन समजणं, त्याला अटी न घालता स्वीकारणं, आणि स्वतः आत एक बाहेर एक असं न वागणं.

आता यातल्या पहिलीसाठी मराठीत नवा शब्द घडवायची गरजच नाही. आपल्या क्रियापदांकडे बघा. ‘ऐकणं’ म्हणजे कानानं ऐकणं, पण ‘मुलगा ऐकत नाही’ म्हणजे आज्ञा पाळत नाही. ‘ऐकवणं’ म्हणजे खरमरीत बोलणं. ‘ऐकून घेणं’ मात्र वेगळं: दुसरा बोलतोय, मी मध्ये तोंड घालत नाही, त्याचं संपेपर्यंत माझं राखून ठेवते. मालवणीत ‘माझा जरा ऐकान घे’ म्हणणारा माणूस सल्ला मागत नसतो.

तसंच ‘समज’. पोलीस ‘समज देऊन’ सोडतात. रडणाऱ्या पोराची ‘समजूत काढतात’, म्हणजे बहुधा त्याचं रडणं थांबवतात. सासरी जाणाऱ्या मुलीला ‘समजावतात’. आणि ‘समजून घेणं’ यात यांतलं काहीच नाही. घरातली माणसं प्रेमापोटीच समजूत काढतात, पण ज्याची काढली त्याचं दुःख तसंच आत राहतं, वर ‘आता तरी हस’ हा भार चढतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जण असे समजूत काढून काढून थकवलेले असतात. ‘ऐकून घेणं, समजून घेणं’ एवढं लिहिलंत तर निम्मं पत्रक झालं.

‘क्लायंट’ला ‘अशील’ म्हणू नका, तो वकिलाचा. ‘लाभार्थी’ योजनेचा. मी ‘येणारी व्यक्ती’ लिहिते.

गुहागर

‘नातेसंबंध’वर. मराठीत नातं रक्ताचं किंवा लग्नाचं, आणि नुसतं ‘संबंध’ लिहिलं तर लोक भलतंच वाचतील. शिवाय आपल्या वाड्यांमध्ये नवा माणूस दिसला की पहिला प्रश्न ‘कोणाचा तू?’ हाच. समुपदेशक कुणाची मामेबहीण निघाली तर बोलणारा गप्प होईल. म्हणून या कामात नात्यातल्या माणसाला सहसा घेत नाहीत, हेही पत्रकात यावं.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये समुपदेशक आणि येणारी व्यक्ती यांच्यातल्या जुळणीचे तीन भाग सांगितले: काय साधायचं यावर एकमत, त्यासाठी काय करायचं यावर एकमत, आणि दोघांमधला बंध. तिन्ही मिळून होतो तो ‘भरवसा’. ‘विश्वास’ देवावर असतो, भरवसा माणसावर टाकतात. तोच लिहा.

सावंतवाडी

एक शब्द कुणी काढला नाही: गाऱ्हाणं. घाटावर त्याचा अर्थ तक्रार. आपल्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. एकजण ‘बा देवा म्हाराजा’ म्हणून मांडतो आणि जमलेले ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. ज्याचं दुखणं त्याला कुणी उलटतपासणी करत नाही, सगळा गाव होकार देतो. देवगडच्या ताई म्हणतात त्या स्वीकाराची ओळख आपल्याला इथूनच आहे असं मला मनापासून वाटतं. फरकही तेवढाच मोठा: गाऱ्हाणं चारचौघांत, आणि ताईंच्या खोलीतलं बोलणं बाहेर जाणार नाही. ‘गोपनीयता’पेक्षा ‘इथलं बोलणं इथंच राहील’ लिहा. लहान गावात माणूस हेच वाक्य आधी शोधतो.

कुडाळ

नवा मसुदा:

‘समुपदेशन. मनात साचलेलं बोलायला जागा. इथं तुमचं कळवळ्यानं ऐकून घेतलं जाईल, उपदेश होणार नाही. भरवसा बसायला वेळ लागतो, तो वेळ तुम्ही घ्या. इथलं बोलणं इथंच राहील. औषधं दिली जात नाहीत. लागतील असं वाटलं तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायला मदत करू.’

देवगड

छान. एक दुरुस्ती: कुणाच्या जिवाला धोका दिसला तर आम्हाला दुसऱ्यांना कळवावं लागतं. ‘जिवाला धोका असेल तेवढा अपवाद’ हे घालाच, नाहीतर तोच भरवसा मोडेल. खाली टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही द्या. २०२२ पासून सुरू आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

रत्नागिरी

आणि ‘सत्र’ की ‘सिटिंग’? सत्र न्यायालयाचं नि परीक्षेचं.

देवगड

आम्ही ‘भेट’ म्हणतो. ‘पुढची भेट कधी?’ असं येणारेच विचारतात.