प्राथमिक आरोग्य केंद्राची ओपीडी संगणकावर: केसपेपर कधी बंद करायचा?

वैद्यकीय अधिकारी, धडगाव तालुका
पुढच्या महिन्यापासून ओपीडीच्या नोंदी संगणकावर घ्यायच्या आहेत. एरवी साठ-सत्तर रुग्ण, बाजाराच्या दिवशी दीडशेच्या वर. एकच डेटा ऑपरेटर, दोन लॅपटॉप, नेट येतं-जातं. सुरुवात कुठून करावी? रजिस्टर लगेच बंद करावं का? आणि एकाच नावाचे रुग्ण खूप आहेत, ते वेगळे कसे ठेवायचे?

चोपड्याहून
डॉक्टर, सगळ्या खिडक्या एकदम सुरू करू नका. पहिले दोन आठवडे फक्त नोंदणी, मग औषध खिडकी, तपासणीची खोली शेवटी. उलटं केलं की डॉक्टर टायपिंगमध्ये अडकतात, रांग व्हरांड्याबाहेर जाते आणि चार दिवसांत सगळे कागदावर परततात.

रजिस्टर बंद करायची तारीख आधीच ठरवा आणि तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडून लेखी घ्या. दोन्ही चालू राहिलं की ऑपरेटर संध्याकाळी रजिस्टर बघून भरायला बसतो आणि न मोजलेल्या रक्तदाबाच्या जागी सरसकट 120/80 पडतं. त्यापेक्षा रकाना कोरा राहिलेला चालेल. नेट जाईल त्या वेळेसाठी स्क्रीनच्याच क्रमाने रकाने असलेले, क्रमांक घातलेले छापील फॉर्म खिडकीवर ठेवा. ते त्याच दिवशी भरून झाले पाहिजेत, दुसऱ्या दिवसावर गेले की राहिलेच.

नंदुरबार, डेटा ऑपरेटर
नावांचं दुखणं आमच्याकडेही तेच. वसावे, पाडवी, पावरा आडनावांत नाव आणि वय टाकून शोधलं तर पानभर यादी येते. जन्मतारीख माहीत नसली की बऱ्याच जणांची 1 जानेवारी पडलेली असते, तिचा काही उपयोग नाही. मोबाइलवरही भिस्त नको, एकाच नंबरावर अख्खं घर असतं. शोधताना गाव, पाडा आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, हे तिन्ही घ्या. सापडलं नाही तरच नवी नोंद. पाड्यांची यादी आशाताईंकडून घेऊन आधीच भरून ठेवा, नाहीतर एकाच पाड्याची चार स्पेलिंगं होतात.

आभा, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य खात्याचा क्रमांक, 14 अंकी. आधारवरून काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर जातो आणि तो फोन ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या माणसाच्या खिशात असतो. अंगठ्याची सोय आहे, पण राबून झिजलेले ठसे कधी कधी जुळत नाहीत. तेव्हा गर्दीत आभासाठी रांग अडवू नका, केंद्राच्या क्रमांकावर नोंद करा आणि आभा नंतर जोडा. आभा नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही, उपचारासाठी तो सक्तीचा नाही.

यावल, औषध निर्माण अधिकारी
सुरू करायच्या आदल्या दिवशी साठा प्रत्यक्ष मोजून बॅच आणि मुदतीसकट भरा. जुन्या रजिस्टरचा आकडा उचललात तर कपाटात गोळ्या असूनही स्क्रीनवर साठा शून्य दिसतो आणि वाटप अडतं. रक्तदाबाची गोळी अॅम्लोडिपिन 2.5 आणि 5 मिलिग्रॅम यादीत खाली-वर येतात, तिथे हमखास चूक होते. न लागणारी औषधं यादीतून लपवून ठेवा.

विजेचं म्हणाल तर 150 एएच बॅटरीच्या इन्व्हर्टरवर दोन लॅपटॉप, राउटर आणि छोटा थर्मल प्रिंटर मिळून पूर्ण ओपीडी निघते. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका, तापताना एकदम इतका भार ओढतो की इन्व्हर्टर बंद पडतो.

वैद्यकीय अधिकारी, धडगाव तालुका
सिकलसेलच्या जुन्या तपासण्या एका वहीत आहेत, नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहिलेलं. तसंच चढवू का?

नंदुरबार, प्रयोगशाळा
नाही, कृपा करून तसं चढवू नका. सोल्युबिलिटी ही प्राथमिक चाचणी वाहक आणि रुग्ण दोघांचीही पॉझिटिव्ह येते. इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या खात्रीच्या तपासणीचा अहवाल असेल तरच एएस (वाहक) किंवा एसएस (रुग्ण) लिहा. आयसीडी-10 या आजारांच्या कोडयादीत वाहकाचा कोड D57.3 आणि क्रायसिस (तीव्र वेदनांचा झटका) नसलेल्या आजाराचा D57.1, यादीत दोन्ही जवळ असतात. वाहक मुलीच्या नावावर आजार पडला तर तिचं लग्न मोडू शकतं, आणि एसएस रुग्ण वाहक म्हणून नोंदला गेला तर त्याचं फॉलिक अॅसिड, हायड्रॉक्सियुरिया आणि पाठपुरावा, सगळंच सुटतं. ज्यांचा पक्का अहवाल नाही त्यांच्यापुढे 'खात्री बाकी' लिहा आणि ती यादी पाडेवार काढून आरोग्य सेविकेला द्या. होळीला स्थलांतरित कुटुंबं गावात परततात, रक्ताचे नमुने तेव्हाच घेऊन टाका.