'सेट'चे म्हणे ४३० अर्थ! हा आकडा फुगवलेला नाही का?

चौकस
इंग्रजीत सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द कोणता, तर 'सेट', हे उत्तर पाठच असतं. आधार काय, तर ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाची १९८९ची दुसरी आवृत्ती. तिथे म्हणे ४३० अर्थ आहेत आणि नोंदच सुमारे ६०,००० शब्दांची.

माझ्या मते हे अर्थ नव्हेत, नुसते वापर आहेत. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' हे त्याचं प्रयोजक रूप, बसवणे. विषय संपला. आपण मोडलेलं हाड बसवतो, अंगठीत खडा बसवतो, नाटक बसवतो, घडी बसवतो. (हाड आणि खडा यांना इंग्रजीतही 'सेट'च चालतं.) म्हणून 'बसवणे'चे शेकडो अर्थ आहेत असं आपण मिरवतो का?

कोशकीडा
मिरवत नाही, कारण मोजायला कुणी बसलं नाही! 'बसवणे म्हणजे खाली टेकवणे' एवढंच सांगून नवशिक्याला नाटक कसं बसवतात ते कळेल? कोश त्याच्यासाठी असतो. तुम्हाला मूळ आधीच ठाऊक आहे, म्हणून सगळं एकच वाटतंय.

तिरपागडा
आणि मूळ तरी एकच कुठे आहे? कपबशांचा सेट, गणितातला सेट, यांत कोण कुणाला बसवतंय? समूह या अर्थाचा 'सेट' जुन्या फ्रेंचमधून आला आणि तिथे तो लॅटिन 'सेक्ता'वरून, म्हणजे मागून चालणाऱ्यांचा गट. पंथाला 'सेक्ट' म्हणतात तो याचाच सख्खा भाऊ.

चौकस
मग तर माझाच मुद्दा पक्का झाला. स्पेलिंग जुळलं म्हणून दोन घरची माणसं एकाच रेशनकार्डावर चढवली, तर आकडा फुगणारच.

कोशकीडा
नाही चढवली. ४३० हे फक्त क्रियापदाचे आहेत. नामाच्या नोंदी वेगळ्या, त्यामुळे कपबशा त्या हिशेबात नाहीतच. दोन्ही शब्द शतकानुशतकं शेजारी नांदले, तेव्हा समूहाचा 'सेट' म्हणजे 'एकत्र मांडलेल्या वस्तू' असंच इंग्रजी बोलणाऱ्यांच्या मनात बसलं. घराणी वेगळी, पण अर्थांची सरमिसळ झाली. ती सोडवून दाखवायला कोशच लागतो.

चौकस
बरं, क्रियापदच घेऊ. त्यात 'सेट अप', 'सेट ऑफ', 'सेट इन' अशी जोडक्रियापदंही धरली असतील, तर ती वजा करा, मग बोलू.

तिरपागडा
का म्हणून वजा करायची? सिमेंट 'सेट' झालं की जागचं हलत नाही आणि माणूस 'सेट ऑफ' झाला की घर सोडून निघतो. बसण्याच्या धातूतून निघण्याचा अर्थ! याला नुसता 'वापर' म्हणणं म्हणजे कमाल आहे.

चौकस
स्वतःला वाटेला लावलं की निघणं आलंच. त्यात कसली कमाल?

आडगिऱ्हाईक
तुम्ही 'सेट'वर भांडताय, पण पहिला नंबर गेलासुद्धा. ऑक्सफर्डचेच कोशकार पीटर गिलिव्हर यांनी 'रन'ची नोंद नव्याने केली. नऊ महिने खपून क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले, ही २०११ची गोष्ट. अर्थात 'सेट'ची नोंद तेव्हा जुनीच होती, त्यामुळे सामना काही बरोबरीचा नाही.

चौकस
हेच तर म्हणतोय! नव्याने मोजलं की आकडा चढतो. शब्द तोच, फक्त कोशकाराची चाळणी बारीक झाली.

कोशकीडा
चाळणी बारीक झाली हे मान्य. पण मालही वाढला. यंत्रं आली, आगगाड्या आल्या, मग संगणक आला आणि प्रत्येकाने 'रन'ला कामाला जुंपलं. माणूस पायांनी धावतो. प्रोग्राम 'रन' होतो, त्याला पाय कुठे आहेत?

चौकस
आपणही प्रोग्राम 'चालवतो'च की. चालायला पाय लागत नाहीत वाटतं?